सगळं काढलंय

त्याला सगळे ‘एंटर’ म्हणतात. खरं नाव बायकोलासुद्धा फॉर्म भरतानाच आठवतं. संगणक दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. पडद्यावर प्रश्न उमटला की तो वाचायच्या आत याचं बोट एंटरच्या बटणावर पडलेलं असतं. ‘‘यंत्र काय विचारणार? खात्री आहे का! खात्री नसती तर दुकान कशाला टाकलं असतं?’’ माणसांशीही तोच खाक्या. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच हा ‘‘कळलं, कळलं’’ म्हणून मोकळा.

दुकान म्हणजे एका लांबट खोलीचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्यात वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, कपडे शिवते. मधे प्लायवूडची भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली. इकडे पंख्यांची घरघर, तिकडे मशीनची. कंबरेला टेप लागला की गिऱ्हाईक पोट आत ओढतं, तो श्वासही इकडे ऐकू येतो.

वहिनीच्या कापडांच्या ढिगात एक नेटबुक असायचं, वीतभराचा चिमुकला लॅपटॉप. अकरा वर्षांची गिऱ्हाइकं त्यात, माणसागणिक एक फाइल. छाती, कंबर, बाही, आणि खाली स्वतःसाठी एखादी ओळ. पूर्वी हे वहीत असे. ‘‘वहीला वाळवी लागते वहिनी, याला नाही,’’ असं म्हणून वही यानंच बंद करवली होती.

पण नेटबुक म्हातारं झालं. ‘‘दोन पँटींचे पाय दुमडून होतात भाऊजी, तरी हे जांभयाच देतंय.’’

‘‘लिनक्स प्रणाली टाकून देतो. जुनंच घर, पण भाडेकरू हलका. फक्त आधी सगळं काढायचं आणि एक पेनड्राइव्ह आणून द्यायचा.’’

सोमवारी सकाळी वहिनी नेटबुक घेऊन आली. वर एक लाल पेनड्राइव्ह. ‘‘सगळं काढलंय. हा तुमच्याकडेच असू दे, पण जपून, कारण यात–’’

‘‘कळलं, कळलं.’’

आता ‘काढलंय’ हा शब्दच दुतोंडी. फोटो काढला की हातात येतो, डाग काढला की जातो. वहिनीनं फोटोसारखं काढलं होतं. यानं डागासारखं ऐकलं. त्याला लिनक्स चढवायला रिकामा पेनड्राइव्ह हवा होता, आणि तिनं तो रिकामा करून दिला, असं धरून तो चालला. यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल? असं यंत्रानं विचारलं. एंटर.

नेटबुकनं पेनड्राइव्हला ओळखच दिली नाही. यानं सेटिंगमध्ये शिरून त्याला रांगेत पहिला बसवला. मग पडद्यावर आलं की ही प्रणाली चौसष्ट-बिटी आणि हे यंत्र बत्तीस-बिटीच. ‘‘हाडं बारीक आणि कोट मोठा,’’ तो भिंतीपलीकडे ओरडला. पलीकडून हसू आलं. बत्तीस-बिटीची जुनी आवृत्ती उतरवली, त्याच पेनड्राइव्हवर पुन्हा चढवली. पुन्हा प्रश्न, पुन्हा एंटर. मग अर्ध्या वाटेत पडदा काळा. यंत्र सुरू करणाऱ्या आज्ञेला एक शब्द जोडला तेव्हा उजेड पडला. शेवटी यंत्रानं विचारलं, डिस्क पूर्ण पुसून बसवू?

एंटर.

दुपारी नेटबुक शिट्टीसरशी चालू झालं. वहिनीनं हात पुसत येऊन पाहिलं, गालावर बोट टेकवलं. ‘‘अगंबाई, तरुणच झालं की! आता तो लाल लावा, मापं घेऊ आत.’’

‘‘कुठली मापं?’’

‘‘म्हणजे? मी काढून दिलीयत ना त्यावर.’’

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सांगायला हवं होतं तेव्हाच. पण वीस वर्षांची फुशारकी जिभेवर बसलेली. ती उठायला तयार होईना. ‘‘पेनड्राइव्ह... पेनड्राइव्हच गेला हो, वहिनी. स्वस्तातला माल. आपोआप मरतात.’’

वहिनी खुर्चीवर टेकली. टेप बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. ‘‘मी आणला ना तो,’’ म्हणाली. ‘‘माझीच चूक.’’

त्यानंतरचे तीन दिवस भिंत फार पातळ झाली. पलीकडे येणाऱ्या प्रत्येकाला पुन्हा माप द्यावं लागे, आणि प्रत्येकाला वहिनी सांगे, ‘‘आमच्या भाऊजींनी खूप केलं हो, पण मीच मेला भिकार पेनड्राइव्ह आणला.’’ याचंच खोटं तिच्या तोंडून, तेही खरं होऊन. एक बाई तर कडाडलीच, ‘‘बत्तीस कशी? गेल्या खेपेला तीस होती! मापं हरवली का वाढवली?’’ वहिनी हसली; पण ते हसू शिवण उसवल्यासारखं होतं.

पुसलेलं परत शोधणारा एक प्रोग्राम लावून तो पेनड्राइव्ह खरवडत बसला होता. हाती लागल्या त्या चिंध्या. ‘कंबर ३४’, पण कुणाची? ‘उजवा खांदा उतरता.’ ‘डावा पाय अर्धा इंच आखूड. बोलायचं नाही, आतून शिवायचं.’ वाचताना त्याला कुणाच्या खोलीत न विचारता शिरल्यासारखं झालं. मग गुरुवारी एक चिंधी आली, नावासकट:

‘भाऊजी. कंबर ४१. विचारलं तर ३९ सांगायचं.’

एकोणचाळीस! चार वर्षं हा मित्रांत मिरवत होता, वय झालं पण चाळिशी ओलांडली नाही आपल्या कंबरेनं. वहिनी त्याला झाकत होती, दोन इंच, गुपचूप, आतून शिवून. आणि त्यानं?

तो उठला. पलीकडे ती कडाडलेली बाईच पुन्हा उभी होती. झगा घालून पाहायला आलेली. ही गेल्यावर बोलू, असं मनात आलं. ते मन त्याला सोमवारपासून ओळखीचं होतं. दारातच बोलला.

‘‘वहिनी, पेनड्राइव्ह चांगला होता. मी पुसला. दोनदा. तुम्ही सांगत होता, मी ऐकून घेतलं नाही. आणि वर खोटं बोललो.’’

झग्यातली बाई पोट आत ओढायलाच विसरली. वहिनीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या.

‘‘तीन दिवस?’’

‘‘तीन दिवस.’’

‘‘आणि मी येईल त्याला माझीच चूक म्हणून सांगत बसले.’’

त्याची मान खाली गेली ती तिथेच राहिली. वहिनीनं फळीवरून जुनी वही काढली, उरलेली पानं उलटली आणि ती पेन्सिलीसकट त्याच्या हातात कोंबली.

‘‘बसा. महिनाभर मी माप सांगेन, तुम्ही लिहायचं. आणि लिहिलेलं मला परत वाचून दाखवायचं. ‘कळलं’ म्हणालात तर टाचणी टोचेन.’’

‘‘बरं.’’

‘‘पहिलं माप तुमचंच. हात वर.’’

टेप कंबरेभोवती आला. पोट आत ओढावं म्हणून श्वास छातीत चढला, तो त्यानं सोडून दिला. बाई बघत होती.

‘‘एक्केचाळीस,’’ वहिनी म्हणाली. मग टेपकडे पुन्हा पाहिलं. ‘‘नाही. साडेएक्केचाळीस.’’

त्यानं लिहिलं. आकड्यावर बोट ठेवलं आणि घसा साफ केला.

‘‘साडेएक्केचाळीस,’’ त्यानं वाचून दाखवलं.

‘‘मोठ्यानं,’’ वहिनी म्हणाली.