फिल्टरमधलं जोडवं

वॉशिंग मशीनचा फिल्टर उघडला की तो कुबट वास मला लहानपणीच्या उटनूरच्या घरी नेतो. आईचं जोडवं हरवलं, धुण्याच्या मावशीवर संशय घेऊन आईने तिला काढलं आणि मशीन आलं. पुढच्या चौदा एप्रिलच्या जयंतीआधी आईने गेल्या जयंतीला नेसून न धुताच पेटीत ठेवलेली पांढरी साडी त्यात टाकली, तर पाणीच निघेना. बाबांनी खाली परात लावून फिल्टर फिरवला. दोऱ्यांच्या गुंत्यात जोडवं होतं. गेल्या जयंतीला सैल झालं म्हणून आईनेच ते याच साडीच्या पदराच्या गाठीत बांधलं होतं आणि विसरली होती! आई तशीच मावशीच्या दारात गेली, मी मागे. "माहं चुकलं," आई म्हणाली. मावशी हसली, "जाऊ द्या बाई. मशीन चांगलं धुऊन राह्यलं ना?" आईने ते जोडवं पुन्हा घातलं नाही. आता माझ्या घरी फिल्टर मी धुते, आणि फेकण्याआधी दोऱ्यांचा गुंता बोटांनी उलगडून बघते.