काशम्माच्या हाताचा गुण

गिरणीमागच्या चाळीत काशम्माचं नाव ज्या कामासाठी होतं, ते चारचौघांत जेवताना काढण्यासारखं नव्हतं. तान्ह्या पोराला शी होत नसली की बाया तिच्या दारात येत. कुणाच्या हाताला भाकरीची चव असते, कुणाच्या गळ्यात भजन असतं. हिला देवानं हे दिलं होतं. बाईनं कधी कुरकुर केली नाही. उलट तिला त्याचा चांगला तोरा होता, आणि का नसावा?

दुपटं बघितल्याशिवाय ती तोंड उघडत नसे. पहिलटकरीण आली की बहुतेक वेळा असंच चाले.

"मावशी, चार दिस झालं, पोरानं काईच केलं न्हाय."

"अंगावर पितंय?"

"व्हय."

"खेळतंय? पोट मऊ हाय?"

"हाय की. पर मागल्या खेपेला लई कुंथत हुतं, तोंड लाल लाल झालतं."

"अन् झालं ते कसं झालं? घट्ट?"

"न्हाय, मऊच. पिवळं."

"मग घरी जा की. आईच्या दुधावरचं पोर आठ दिस बी थांबतं. पोट हाय ते, गिरणीचा भोंगा न्हवं येळेवर वाजायला. अन् कुंथंल न्हाय तर काय करंल? तू उताणी निजून करून बघ एकदा."

बाई लाजून हसत परत जाई. पण दुपट्यात शेळीच्या लेंड्यांसारखे खडे दिसले, पोट तटतटलेलं लागलं, पोर छातीशी धरलं की तोंड फिरवून रडू लागलं, की मग काशम्मा पदर खोचायची. आधी पोराला कोमट पाण्यात कमरेइतकं बसवायची. मग पाय पसरून त्याला पायांवर घ्यायची आणि तेलाचा हात बेंबीभोवती गोल गोल फिरवायची. मधूनच त्याच्या मांड्या आळीपाळीनं पोटाशी दुमडायची; पोर जणू निजल्या निजल्या अक्कलकोटला चालत निघालंय. पोराला मागून साबणाची कांडी नाहीतर विड्याच्या पानाचा देठ घालून मोकळी झालेली आई सापडली, तर तिची खैर नसे. "आदी तुला घालू का?" एवढंच ती विचारायची.

हे तिचं पुण्याचं काम. पोटापाण्याचं काम वेगळं होतं. सकाळी भोंगा झाला की सहा बाया आपली सहा पोरं तिच्या खोलीत ठेवून गिरणीत जात. सहा तान्ही पोरं एका खोलीत, आणि सांभाळायला एक विधवा बाई! पण गलका म्हणून नाही. शेजारणीच्या चुलीवरचा भात रटरटलेला ऐकू यावा, इतकं शांत घर. कारण उघड होतं. दर पोराला सकाळी दुधात मोहरीएवढी बाळागोळी दिली जाई. अफूची गोळी ती. सरकारी परवान्याच्या दुकानात अफू राजरोस मिळे, सगळ्या चाळींत कामावर जाणाऱ्या बाया देत, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे.

आता गंमत बघा. चाळीत सगळ्यात जास्त पोटं घट्ट असत ती याच सहा जणांची. काशम्मानं त्याचंही कारण शोधून ठेवलं होतं. "कापसाची धूळ आईच्या दुधात उतरती," ती सांगे. बायांना ते पटे. संध्याकाळी आई येई तेव्हा काशम्मा पोराचं पोट मोकळं करून ठेवी, आणि आई तिचे पाय धरी. त्यांतल्या सिदूची आई केराबाई तर म्हणायची, "मावशी, तुमी हाय म्हनून माझं पोर हाय."

पुढं काशम्माची लेक महादेवी गिरणीत लागली. तिची रत्नी तेव्हा चार महिन्यांची होती, आणि दुपटी कशी? पिवळीधमक, मऊ. महादेवी दारात घुटमळत म्हणाली, "अव्वा, रत्नीला गोळी नको की."

काशम्मा फटकन म्हणाली, "माज्या नातीला एक अन् लोकांच्या पोरांना एक, असलं माज्या दारात चालायचं न्हाय." अशी न्यायाची बाई. रत्नीलाही गोळी सुरू झाली.

आठव्या दिवशी रत्नीच्या दुपट्यात पहिला खडा आला. काशम्मानं पाणी केलं, तेल केलं, पाय दुमडले. थोडं सुटलं, परत घट्ट झालं. पंधराव्या दिवशी खड्याबरोबर रक्ताची बारीक रेघ आली. रत्नी दूध घेईना, नुसती पडून राही. जावई गुरुलिंग येऊन पोरीकडं बघे आणि बाहेर जाऊन बसे. काशम्माला त्याची नजर नकोशी झाली. नातीला काही झालं असतं, तर तिला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

तेवढ्यात तीस सालचा मे उजाडला आणि सोलापुरात लष्करी कायदा आला. रस्त्यावर गोरे शिपाई, गिरणी बंद, दुकानं बंद. अफूचंही बंद. दुसऱ्या दिवशी काशम्माची डबी रिकामी झाली. तेलही संपलं. आया घरी होत्या, पोरं आपापल्या घरी गेली, आणि दोन दिवस त्या सहाही घरांतून असा आकांत उठला की सांगायची सोय नाही. पोरं जांभया देत, शिंकत, हातपाय झाडत. रत्नी तर कडेवरून उतरेना. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यांची पोटं एकदम सुटली.

"शिपायांचं भ्या घेतलं लेकरांनी," बाया म्हणाल्या.

आठवड्यात रत्नी थाऱ्यावर आली, दूध ओढू लागली. दुपटं पिवळं, मऊ. ना तेलाचा हात, ना कोमट पाणी. काशम्मा ते दुपटं हातात धरून कितीतरी वेळ न्हाणीत बसून राहिली. चाळीत गोळी न खाणारी पोरं कोणती, त्यांतली खडे घेऊन आपल्याकडं किती आली, हे तिनं एकेक घर आठवून बघितलं. गाठ आपणच मारायची, आपणच सोडवायची आणि वर पाया पडून घ्यायचं! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गिरणी सुरू झाली, भोंगा वाजला. बाया पोरं घेऊन दारात आल्या. काशम्मानं उंबऱ्यातच सांगून टाकलं, "गोळी देनार न्हाय. त्या गोळीनंच पोटं बांधत हुती. माझी चूक झाली."

बायांनी एकमेकींकडं बघितलं. केराबाई पुढं झाली. "सिदूला सा म्हैने दिलीस. तवा न्हाय कळलं. नातीच्या दुपट्यात रगत आलं तवा कळलं व्हय?"

काशम्मानं सिदूला घ्यायला हात पुढं केले.

"गोळीबिगर सा पोरं तू कशी सांबाळनार? अन् मी गिरनीत न्हाय गेले तर सिदूला काय घालू?" केराबाई म्हणाली, आणि सिदूला घेऊन पलीकडच्या चाळीतल्या अंबुबाईकडं गेली. बाकीच्याही गेल्या. अंबुबाईचं घर दोन दिवसांत तसंच शांत झालं. काशम्माच्या घरात एकटी रत्नी दिवसभर गळा काढून रडायची, आणि चाळ म्हणायची, म्हातारीला आता एक पोर सांभाळवत नाही.

दहाएक दिवसांनी संध्याकाळी केराबाई सिदूला घेऊन आली. मान खाली, दुपटं हातात. काशम्मानं दुपटं उघडून बघितलं, पाणी तापवलं आणि पोराला पायांवर घेतलं. पोट फळीसारखं झालं होतं. बऱ्याच वेळानं ते मोकळं झालं, सिदू हुंदके देत गप झाला. केराबाई वाकून पाया पडली.

"अगं, पाया नको पडू," काशम्मा कळवळून म्हणाली. "गोळी बंद कर. सांगितलं हुतं न्हवं मी? तुला भ्या कसं वाटत न्हाय?"

"भ्या कशाचं, मावशी?" केराबाईनं डोळे पुसले. "तुमचा हात हाय की."

काशम्माचा हात सिदूच्या पोटावर तसाच थांबला. पोर पुन्हा कण्हू लागलं, तेव्हा तिनं तो परत फिरवायला घेतला.