सावंतांच्या मनगटावरचा मी

सावंतांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या सोसायटीत गेले दोन महिने याच्या बरोबर उलटी गोष्ट फिरते आहे.

मी वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याचा व्यापारी. साताऱ्याकडून आलो तेव्हा याच मार्केटात पाठीवर गोण्या वाहिल्या, मग गाळा घेतला. भाव करण्यात मला अजून कुणी हरवलेलं नाही. (बायकोला धरत नाही.) तापटही आहे. मुलीनं, मनीषानं, मला न विचारता लग्न केलं तेव्हा मी जिन्यात उभा राहून ओरडलो होतो, "मी मेलो तरी या दारात पाऊल टाकायचं नाही!" तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं. मनीषा बापाचं ऐकणारी. (लग्नाचं सोडून.) वर्षभर आली नाही. राहते ऐरोलीत, म्हणजे रिक्षानं अर्धा तास.

मग डॉक्टरांनी माझी साखर मोजली आणि बायकोनं ती बातमी ऐरोलीला पोचवली. आठ दिवसांत कुरिअरनं एक घड्याळ आलं. ते पावलं मोजतं, छातीचे ठोके मोजतं, माणूस कुठं आहे ते नकाशावर ठिपक्यानं दाखवतं. आणि हे सगळं मनीषाच्या फोनवर!

"बोलायचं नसेल तर बोलू नका म्हणाली," बायको म्हणाली. "पण रोज संध्याकाळी खाडीवर दोन फेऱ्या मारा. ठिपका हलताना दिसला की तिला बरं वाटेल."

आता माझी पंचाईत बघा. घड्याळ घातलं तर मी वाकलो. परत पाठवावं, तर ते काही माझ्याच्यानं होईना. शिवाय तो खाडीकाठचा ट्रॅक! एका बाजूला खारफुटी, दुसऱ्या बाजूला तळं, मध्ये चिखलाचा वास, आणि माणसं गोल फिरून निघाली तिथंच परत येतात. अरे, मग यात माल कुठून कुठं गेला? पाठीवर गोणी नसताना चालणं मला आयुष्यात जमलेलं नाही.

सावंत आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. रिटायर, एकटे, गळ्यात कायम दुर्बीण. पक्ष्यांपायी रोज त्याच ट्रॅकवर जातात. म्हणजे गाडी रिकामीच जात होती. तिच्यात आपला माल टाकायला काय हरकत?

"सावंत, हे घड्याळ घालून फिरायचं. आठवड्याला दोन किलो कांदे."

"पाच."

"अहो, मनगटावर घालायचंय, डोक्यावर नाही!"

"नुसतं चालायचं असतं तर फुकट चाललो असतो, शिंदे. पाच किलो खोटं बोलायचे."

तीनवर ठरलं. वर बटाटे मागत होते, ते मी हाणून पाडलं. आपण जिंकलो, असं मला तेव्हा वाटलं.

चार महिने बिनबोभाट चाललं. पाच वाजता मी बूट घालून निघायचो. फोन घरी चार्जिंगला. गेटवर घड्याळ सावंतांच्या हातात चढवायचं आणि आपण फरसाणवाल्याच्या आतल्या बाकावर बसून जिलेबी खायची. सात वाजता घड्याळ परत. घरी जाताना नळावर तोंड ओलं करायचं, घाम दिसावा म्हणून.

"मनू खूश आहे हो," बायको सांगायची. "आज आठ हजार पावलं झाली म्हणाली."

मी "हं" म्हणायचो. पण ऐकायला बरं वाटायचं, हे खरं.

मग तो गुरुवार उजाडला. त्या दिवशी सावंतांनी मला न विचारता होडी केली! फ्लेमिंगो जवळून बघायचे म्हणून. होडीवाला वाशीगावातला. त्यानं दोनदा सांगितलं, "काका, पानी उतरतंय, परत फिरू." आणि सावंत दोनदा म्हणाले, "अजून थोडं पुढं." तिसऱ्यांदा होडीवाला म्हणाला, "आता बसा. होडी बसली, तुमी पन बसा." ओहोटीनं पाणी गेलं आणि होडी चिखलात रुतली. भरती येईपर्यंत हलायचं नाव नाही.

पण नकाशाला ओहोटी कळत नाही. तिथं खाडी बाराही महिने निळीच. मनीषाच्या फोनवर तिचा बाप ट्रॅक सोडून सरळ पाण्यात शिरला, बराच आत गेला, थांबला आणि हलेना. ठोके एकशे तीस. (फ्लेमिंगो पाहिले की सावंतांचे तेवढे होतात.) मग एकदम ठोकेच बंद! कारण सावंतांनी चिखल लागू नये म्हणून घड्याळ काढून जेवणाच्या डब्यात ठेवलं.

साडेसहाला फरसाणवाला आत आला. "शिंदेशेठ, खाडीत कुणीतरी बुडालंय. केवढी गर्दी जमलीये!"

हातातली जिलेबी संपवून (टाकवत नाही) मी गेलो. अग्निशमन दलाची गाडी आली होती. दोर घेतलेली माणसं खारफुटीत वाकून बघत होती. समोर चिखलात एक होडी दिसत होती. पण सगळे बुडालेला माणूस शोधत होते, बसलेल्याकडे कोण बघणार?

"कोण बुडालं?" मी शेजारच्या आजोबांना विचारलं.

"कुणी कांदेवाला आहे म्हणे. मुलीशी भांडण. चालत आत गेला."

"मूर्ख माणूस!" मी म्हणालो.

म्हणालो आणि पुढं बघतो तर माझी बायको दगडावर बसून पदर तोंडाला लावलेली. मांडीभर चिखलात, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र लटकवलेला एक मुलगा "बाबाऽऽ!" म्हणून खाडीला हाका मारत होता. तो माझा जावई. मला पहिल्यांदाच बाबा म्हणत होता, आणि तेही माझ्याकडे पाठ करून.

काठावर उभी असलेली मनीषा वळली. तिनं मला बघितलं. माझ्या शर्टावरचा पाक बघितला.

"तुम्ही... इथं?"

सुचलं नाही की मी ओरडतो. "दारात यायचं नाही म्हटलं होतं ना!"

"दारात कुठं आलेय?" ती म्हणाली. "खाडीवर आलेय. मेलात म्हणून."

तेवढ्यात होडीतून सावंतांनी दुर्बिणीतून मला हेरलं. "शिंदेऽऽ!" खाडीवरून आवाज फार लांब जातो. "काळजी नको! घड्याळ सुरक्षित आहे! डब्यात ठेवलंय!"

सगळ्या काठाला ऐकू गेलं. बायको रडायची थांबली. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

"म्हणजे रोज हे काका चालायचे?" मनीषानं विचारलं. "चार महिने?"

मी बुटांकडे बघितलं. बूट कोरे होते.

"मी ऑफिसातून लवकर निघून त्याच वेळेला ऐरोलीच्या खाडीवर चालायचे," ती म्हणाली. "तुम्ही वळलात की मी वळायचे. तुम्ही बाकावर बसलात की मीही बसायचे. वाटायचं, बरोबर चाललोय. मधेच ठोका चुकायचा, तेव्हा रात्रभर झोप नाही लागायची मला."

एवढं बोलून ती निघाली. जावयाचा एक बूट चिखलात राहिला, तो घ्यायलाही थांबली नाही.

पुढच्याच आठवड्यात ती सावंतांना हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. चुकणारे ठोके त्यांचे होते ना! त्यांना गोळ्या सुरू झाल्या. दर रविवारी ती डबा घेऊन आमच्या बिल्डिंगमध्ये येते, सावंतांच्या मजल्यावर थांबते आणि तिथूनच खाली उतरते. वरच्या मजल्यावर मी दार उघडं टाकून उभा असतो. डब्याच्या वासावरून सांगतो, भरलं वांगं असतं. माझ्या आवडीचं.

घड्याळ तिनं सावंतांकडेच ठेवायला सांगितलंय. म्हणून हल्ली पाच वाजता मीही ट्रॅकवर जातो, त्या मनगटाच्या बाजूनं चालायला. सावंतांनी त्याचे पाच किलो मागितले. मी भाव केला नाही.

पण सावंत, जाब तुम्हाला द्यावाच लागेल! माल पोचवायला दिला होता, ठेवून घ्यायला नाही. मुलगी माझी, काळजी माझ्यासाठीची, वांगं माझ्या आवडीचं. हे सगळं तुमच्या घरी कसं उतरलं? सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उत्तर द्या. आणि तोवर वळणावर जरा हळू चाला. ती तिकडं ऐरोलीत ठिपका बघून वळत असते, आणि मला दम लागतो.