विहीणबाईंची खिरापत

व्हेनिस हे प्रेमात पडलेल्यांचं शहर आहे, असं आमच्या टूर मॅनेजरने बसमध्ये माईकवरून पुन्हा पुन्हा सांगितलं. हातात हात घेऊन फिरा, नावेत बसा, जन्मभर लक्षात राहील, म्हणाला. मी त्या शहरात दिवसभर एका बाईवर जळत फिरले. तेही जन्मभर लक्षात राहणार आहे.

ती बाई म्हणजे माझ्या मैत्रिणीची विहीण. आम्ही नाचणगावच्या एका गल्लीत वाढलेल्या पाच जणी. आता कोणी देवळीला, कोणी तळेगावला, मी वर्ध्याला. नोकऱ्या संपल्या, लेकरांची लग्नं उरकली, तेव्हा ठरवलं की एकदा नवरे घरी ठेवून युरोप पाहून येऊ. आपण पाचच जणी, असं पक्कं ठरलं होतं. पण देवळीची माझी मैत्रीण, जिच्यासाठी मी पेन्शनची एवढी शिल्लक मोडायला तयार झाले ती, ऐन वेळी पुण्याच्या विहीणबाईंना घेऊन आली. त्यांचे यजमान वारले होते, घरात करमत नव्हतं, त्यांच्याकडे दिलेल्या हिच्या लेकीने फोनवर सुचवलं आणि हिने लगेच हो म्हटलं. मला विचारलं नाही.

बरं, विहीणबाईंमध्ये खोट काढावी तर तीही सापडेना. हळू बोलायच्या, सगळ्यांना आधी रस्ता द्यायच्या, इंग्रजीत पाणी मागायच्या तर गोरा वेटरही पळत यायचा. आमच्या बोलण्यातलं सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्यांना विमानातच पहिल्यांदा कळलं, तर त्यांनी किती कौतुक केलं. वाईट बाई असती तर मी सुखाने तिचा राग केला असता. हॉटेलात दोघींना एक खोली होती. मी मैत्रिणीच्या आवडीचं लिंबाचं लोणचं उशाशी ठेवायला घेऊन आले होते. किल्ल्या वाटल्या तेव्हा ती विहीणबाईंच्या मागोमाग लिफ्टमध्ये शिरली. माझ्या वाट्याला तळेगाववाली आली. ती झोपेतही बाजारात भाव करते.

तरी मी धीर धरून होते, कारण मैत्रिणीच्या बॅगेत एक डबा होता.

आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर भुलाबाई बसते. पोरी जमून गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायची असते. ज्या घरी गाणी, त्या घरची पोरगी झाकलेला डबा वाजवते आणि बाकीच्यांनी आवाजावरून, वासावरून आत काय आहे ते सांगायचं. कोणालाच आलं नाही तर त्या घराची शान. नाचणगावात माझं नाक फार तिखट आहे असा लौकिक होता, कारण माझ्या मैत्रिणीच्या घरची खिरापत मी दरवर्षी ओळखायची. खरं म्हणजे गाणी सुरू व्हायच्या आधी ती न्हाणीमागे एक तुकडा गुपचूप माझ्या मुठीत ठेवायची. पन्नास वर्षांत आम्ही दोघींनी हे कोणाला कळू दिलं नाही.

आमची सहल नेमकी भुलाबाईच्या दिवसांत आली होती. तिने निघायच्या आधी फोनवर सांगितलं होतं, डबा आणते, तिथे खेळू. म्हणून व्हेनिसमध्ये उतरल्यापासून माझं लक्ष ना चर्चकडे, ना पुलांकडे. तिचा हात जवळ आला की मी मूठ अर्धी उघडायची. एकदा तिने खरंच माझा हात धरला, तर फक्त चष्मा सांभाळायला दिला.

दुपारी नावेत बसायचं ठरलं. त्या लांब काळ्या नावेत पाचच जणी मावत होत्या आणि आम्ही सहा. सगळ्या एकमेकींकडे पाहत होत्या. तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "हिले पाण्याचा भेव लागते, लहानपणापासून. हे थांबते काठावर."

गोष्ट खरी होती. पुलगावजवळ नदीत माझा पाय घसरला तेव्हा वेणीला धरून तिनेच मला ओढलं होतं. पण तीही आमची दोघींची गोष्ट होती, चार लोकांत सांगायची नव्हती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. विहीणबाई म्हणाल्या, मी थांबते, तुम्ही जा. तर मैत्रिणीने त्यांना दंडाला धरून नावेत चढवलं. मी काठावर पाच पर्सा गळ्यात घालून उभी. वरून फोटोही मीच काढायचे. काढले. त्यातल्या एकाही फोटोत विहीणबाईंचं पूर्ण डोकं आलेलं नाही.

नाव परत आली आणि आम्ही मोठ्या बोटीची वाट पाहत तरंगत्या धक्क्यावर बसलो. तिथे मैत्रिणीने डबा काढला. आम्ही गाणी म्हटली. आजूबाजूची गोरी जोडपी हसून पाहत होती, एका म्हाताऱ्याने टाळ्यांचा तालही धरला. माझ्या मुठीत अजून काही आलेलं नव्हतं. मला वाटलं, शेवटच्या गाण्याच्या आधी तरी ती कोपऱ्यात बोलावेल. तिने सरळ डबा वाजवला.

आतून जड, मऊसा आवाज आला. तळेगाववाली म्हणाली शंकरपाळे. दुसरी म्हणाली करंजी. मग सगळ्या माझ्याकडे वळल्या, कारण माझं नाक प्रसिद्ध. मी डब्याला कान लावला, वास घेतला, आणि मला काहीही कळेना. तिळाचे लाडू, म्हणाले. चूक.

"गोरसपाक?" विहीणबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खिरापत घरचीच असायची, म्हणून वर्ध्याच्या दुकानात मिळणारं ते तुपाळ, जाडजूड बिस्कीट आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. आणि पुण्याच्या बाईला, जिला परवापर्यंत सांबार माहीत नव्हतं, तिला ते नावासकट आलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या निळ्या स्वेटरवर, छातीपाशी, पिवळसर भुगा सांडला होता. डबा अजून उघडायचा होता.

बोट आली. मी मुद्दाम एकटीच्या बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने मैत्रीण शेजारी येऊन टेकली.

"काऊन वं, तोंड पाडून बसली?"

"तुनं तिले आधीच देल्लं."

तिने नाकारलं नाही. खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "विहीण हाय माही. साऱ्याइच्या समोर तिले हरू देऊ का? लेक नांदते तिच्या घरी. अन् लेक-जावई कामाले गेले का दिवसभर घरी एकटीच बसून राह्यते ते आता. तू त घरचीच हायेस."

घरच्यांची पंगत शेवटी बसते, हे मीही सुनेला शिकवलंय. पाहुण्यांना वाढून झालं की पातेल्यात उरेल ते आपलं, आणि त्यात कोणी अपमान मानत नाही. जन्मभर मी तसंच जेवले. पण तिच्या घरी मी असं जेवले नव्हते. तिच्या घरी मी सगळ्यांच्या आधी जेवायची, चोरून, न्हाणीमागे.

तिने पदराआडून डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. आख्खे तुकडे संपले होते. तळाला नुसता भुगा होता.

"तुह्यासाठी राखून ठेवला," ती म्हणाली. "तुले भुगा आवडते."

आवडतो. लहानपणी आम्ही तो दुधात कालवून खायचो, आणि साऱ्या जगात आता तिला एकटीलाच ते ठाऊक आहे. मी बोटाने डब्याचे कोपरे पुसून पुसून तो सगळा खाल्ला, तिला एक चिमूटही दिली नाही. पण मला भुगा नको होता. मला एक आख्खा तुकडा हवा होता, गाणी सुरू होण्याआधी, मुठीत.