ग्रुपवर मानलेले आभार

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. विश्रामबागला राहून बी.कॉम. केलं. त्याचा मला तोरा आहे, लपवत नाही. पण बाळंतपणाचा चाळिसावा माहेरी उरकून बाळाला घेऊन इस्लामपूरला सासरी आले आणि थोरल्या जावेनं तो तोरा न बोलताच उतरवला. ती सातवी शिकलेली. चार महिन्यांची लेक मांडीवर घ्यायची, पदर ओढायची, आणि लसूण सोलता सोलता पाजायची. पोर कशी गुबगुबीत! माझा मुलगा मात्र ओढायचा, सोडायचा, रडायचा. डॉक्टर म्हणाले होते, आठ दिवसांत वजन वाढलं नाही तर वरचं दूध सुरू करू.

मोबाईलवर स्तनदा मातांच्या एका ग्रुपात प्रश्न टाकला. तिथंही जळायलाच मिळालं. कुणीतरी फ्रिजात रांगेनं ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांचा फोटो टाकला होता. एकीनं मात्र बाळ छातीशी कसं धरायचं त्याचा व्हिडिओ पाठवला. दहादा बघितला. जमेना.

मुलगा रडून लाल झाला तशी जाऊ म्हणाली, "आण हिकडं, मी पाजते एकदा."

"नको भाभी. आपल्या मुसलमानांत एकदा पाजलं की दूधभाऊ होतो. मग तुमच्या लेकीशी त्याचं लग्न होणार नाही."

ती खो खो हसली. "आगं, नाळ पडून दोन म्हैनं न्हाईत, आन् तू वरात काढतीस व्हय?"

लग्नाचं मला काही पडलं नव्हतं. तो तिच्या कुशीत गप्प झालेला मला बघवला नसता, एवढंच.

ती रुसली नाही. "बरं, दाव तो व्हिडिओ." हात पदराला पुसून तिनं तो एकदाच बघितला. मग माझा खांदा मागं रेटला, बाळाचं अख्खं अंग माझ्याकडं वळवलं. "तू त्येच्यावर वाकतीस. त्येला वर आण की." त्यानं मोठा आ करताच तिनं त्याला पुढं सारलं. तो गटागट प्यायला लागला.

आठवड्यानं वजन वाढलेलं निघालं. ग्रुपात लिहायला बसले. "माझ्या जावेनं" एवढं टाईप केलं, खोडलं. लिहिलं, "तुमच्या व्हिडिओमुळं जमलं. खूप आभार." लाल बदाम टपाटप येऊन पडले.

"माझं लिवलंस का न्हाई?" चुलीपासून भाभीनं विचारलं.

"लिहिलं की."

"वाच बगू."

मोबाईल छातीशी धरून मी नसलेली ओळ वाचली, "माझ्या थोरल्या जावेनं शिकवलं."

"आगं, येवढं कशाला लिवायचं," म्हणत ती लाजली. मला तिच्या त्या लाजण्याचाही हेवा वाटला.