दीड सूर खाली

मास्तरांना भांडता येत नसे. दुकानदाराने सुटे कमी दिले तर हा माणूस घरी येऊन ते मोजायचा, आणि वर बायकोला समजावायचा की बिचाऱ्याची काही अडचण असेल. असल्या माणसाला तीन वादकांनी आपला पुढारी केलं होतं. यावरूनच त्या तिघांची काय अवस्था झाली असेल ते ओळखा.

मास्तर हे नाव शाळेतलं. सव्वीस वर्षं त्यांनी मुलांना संगीत शिकवलं आणि निवृत्त झाले. पण त्यांचं खरं आयुष्य गेलं रंगमंचाच्या मागच्या अंगाला, कीबोर्डच्या पाठी. पुढे उजेडात उभे राहायचे ते त्यांचे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. भावोजी गायचे आणि मास्तर वाजवायचे, असं तीस वर्षं चाललं होतं. भावोजींना लोक रस्त्यात थांबवून नमस्कार करत. मास्तर तेव्हा शेजारी पिशवी धरून उभे असत, आणि त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

भांडण पैशाचं होतं आणि तेही शिळं. कार्यक्रम ठरवायची ताई, म्हणजे तीच थोरली बहीण, पैसे घ्यायची ताई आणि शेवटी चार पाकिटं करून वाटायचीही ताईच. पाकिटातला आकडा सहा वर्षांत जागचा हलला नव्हता. विचारलं की ताई म्हणायची, कार्यक्रम होऊ दे, मग बघू. कार्यक्रम होत राहिले, बघायचं तेवढं राहून गेलं.

त्या दिवशी एका कारखान्याचा पंचविसावा वाढदिवस होता. कार्यक्रम दुपारी चारचा. खुर्च्यांना पांढरे अभ्रे, दारात फुगे आणि पहिल्या रांगेत साहेब लोकांच्या बायका. प्रवेशाचे पास आणायला ड्रमवाला कचेरीत गेला. त्याला सगळे फटाका म्हणत, कारण तो कधी पेटेल याचा नेम नसे. तिथल्या कारकुनाने सही घ्यायला कागद पुढे केला. कागदावर दोन ओळी होत्या. गायकाचं मानधन वेगळं लिहिलं होतं, आणि त्याखाली वादकांचं: चाळीस हजार. पाकिटात मिळायचे माणशी पाच. चार पाकिटांचे वीस झाले. उरलेले वीस कुठे जातात हे कळायला गणिताचा मास्तर लागत नाही.

फटाक्याने कागदाचा फोटो काढला आणि मागच्या खोलीत येऊन तो मास्तरांच्या नाकासमोर धरला. बास वाजवणारा मौनीबाबा महिन्याला चार वाक्यं बोलत असेल. त्यानेही फोटो पाहिला आणि म्हणाला, "हे बरं नाही." गिटारवालीने गेल्याच महिन्यात भाडं भरायला आपली दुसरी गिटार विकली होती. ती खाली बसून वायर गुंडाळत राहिली. तिच्याकडे बघून मास्तर उठले.

भावोजींच्या खोलीत आरशाभोवती दिवे होते, त्यातले तीन गेलेले. भावोजी कोट चढवत होते आणि ताई पाठीवरच्या सुरकुत्या हाताने सारख्या करत होती. मास्तरांनी फोटो दाखवला. तुम्हाला वाटलं असेल, आता आवाज चढेल. पण मास्तर ते! त्यांनी अगदी शाळेत रजेचा अर्ज द्यावा तसं सांगितलं की भावोजी, हे वादकांचे पैसे आहेत, ते वादकांना मिळावेत, माझे नाही दिलेत तरी चालेल.

ताईने खाली मान घातली. तिला माहीत होतं म्हणजे. मास्तरांना तेच जास्त लागलं.

भावोजींनी मात्र आरशातूनच उत्तर दिलं. कागदावर काय, लोक काहीही लिहितात. गाडीचा खर्च कोण करतं, कपड्यांचा कोण करतं? आणि मग म्हणाले, "मास्तर, लोक येतात ते या गळ्यासाठी. पासष्ट पूर्ण झाली, अजून सूर जागचा ढळलेला नाही. वाजवणारे काय, पैशाला पासरी मिळतात."

मास्तरांच्या जिभेवर शब्द आला होता. अगदी दातांपर्यंत आला होता. त्यांनी तो गिळला आणि बाहेर आले.

तो शब्द कोणता, ते सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात भावोजींच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात, वरच्या जागेवर, म्हणजे सगळ्यात उंच सुरावर, आवाज अडकला. लोकांना खोकला वाटला. पण मास्तरांचे कान शाळामास्तराचे, त्यांना खोकला आणि थकवा यातला फरक कळतो. पुढच्या कार्यक्रमाला त्यांनी कीबोर्डवरचं एक बटण दाबलं आणि सगळं गाणं अर्धा सूर खाली घेतलं. गाणं तेच, चाल तीच, फक्त जरा खालून सुरू होतं, त्यामुळे वरची जागाही हाताशी येते. बास आणि गिटार यांना कानात सांगितलं. भावोजींना सांगितलं नाही, त्यांना लागेल म्हणून. चार वर्षांनी आणखी अर्धा सूर उतरवला, गेल्या वर्षी आणखी अर्धा. दीड सूर उतरला आणि भावोजी मुलाखतीत सांगत राहिले की माझा सूर जागचा ढळलेला नाही. वादक एकमेकांकडे बघून हसत, पण त्या हसण्यात आकस नव्हता. घरातल्या म्हाताऱ्याचा चष्मा त्याच्याच डोक्यावर असावा आणि तो घरभर शोधत बसावा, तसं ते हसणं.

आज मात्र कोणी हसलं नाही. मास्तरांनी भावोजींचं उत्तर सांगितल्यावर फटाका पेटेल असं वाटलं होतं. तो उलट थंड झाला, आणि ते जास्त वाईट होतं.

"मास्तर, आज मूळ सुरात वाजवू," तो म्हणाला. "यात खोटं काय आहे? गाणं त्याचं, सूर त्याचा. आपण फक्त फुकटची मेहेरबानी बंद करायची."

मौनीबाबाने मान डोलावली. गिटारवालीने पहिल्यांदा वर बघितलं आणि सांगितलं की तुम्ही ठरवा, पहिला सूर तुमचाच असतो.

झालं! चार माणसांचं भांडण एका बटणावर येऊन बसलं, आणि बटण मास्तरांच्या डाव्या हाताखाली. तिकडे बहिणीचं घर, इकडे या तिघांची पोटं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात तशी गत. तीस वर्षांत या माणसाचे हात वाजवताना कधी घामेजले नव्हते, ते त्या दिवशी रुमालाने पुसावे लागले.

पहिली सात गाणी नेहमीसारखी झाली. आठवं ते गाजलेलं. त्याआधी भावोजींनी वादकांची ओळख करून दिली. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाले की हे माझ्या घरचेच, यांना मी कधी वादक मानलंच नाही. टाळ्या पडल्या. अहो, घरचं म्हटलं की पैसे द्यावे लागत नाहीत, किती स्वस्तातली सोय! मास्तरांनी सूर नेहमीप्रमाणे आधीच उतरवून ठेवला होता, त्यांनी शेजारचं सूर चढवायचं बटण तीनदा दाबलं आणि तो मूळ जागी नेऊन ठेवला.

पहिला सूर लागला. भावोजींनी झटकन मागे वळून पाहिलं.

मास्तरांना वाटलं होतं, चेहऱ्यावर गोंधळ दिसेल. गोंधळ नव्हता. भीती होती, आणि विनवणी. भावोजींचे ओठ हलले, "नको." पण सूर वाजला होता आणि सभागृहात टाळ्या सुरू झाल्या होत्या.

ध्रुवपद कसंबसं निभावलं. कडव्यात गळ्याच्या शिरा फुगलेल्या मागूनही दिसत होत्या. मग ती वरची जागा आली. भावोजींनी डोळे मिटले, मान वर केली आणि आवाज फुटला. नुसता चिरकला नाही, चक्क दुभंगला. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, पुढच्या रांगेतल्या बाईने नवऱ्याकडे पाहिलं. विंगेत ताईने दोन्ही हात तोंडावर घेतले. भावोजी माइक धरून उभे राहिले, आणि कोटाच्या आत तो माणूस एकाएकी केवढासा झाला.

मास्तरांना हे हवं होतं का? अर्ध्या मिनिटापूर्वी विचारलं असतं तर हो म्हणाले असते. आता त्यांना स्वतःची शिसारी आली. त्यांनी फटाक्याकडे पाहिलं आणि डावा हात बटणावर नेला. फटाक्याने तोंड वाकडं केलं, मनात शिवीही दिली असेल, पण ताल धरून ठेवला आणि नुसत्या ड्रमवर चार आवर्तनं काढली. तेवढ्यात मास्तरांनी सूर दीडाने खाली आणला. बास आला, गिटार आली. दुसरं कडवं भावोजींनी जीव ओतून गायलं. लोकांना वाटलं, पहिल्या वेळी माइकच बिघडला होता. सगळं सभागृह उभं राहिलं.

कार्यक्रमानंतर मास्तर स्वतःहून त्या खोलीत गेले. माफी मागायची होती. फटाका दाराशी उभा राहिला. ताई टेबलाशी पाकिटं घेऊन बसली होती, तिचे डोळे लाल होते. भावोजी कोट न काढताच खुर्चीत पडले होते.

"भावोजी, चुकलं माझं," मास्तर म्हणाले. "तुम्हाला माहीत नव्हतं, अकरा वर्षं मी..."

"माहीत होतं."

भावोजींनी कोटाची कॉलर सैल केली.

"तू पहिल्यांदा उतरवलंस ना, त्याच दिवशी कळलं," भावोजी दमलेल्या आवाजात म्हणाले. "गाणारा माणूस आहे मी. कळणार नाही?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

भावोजींना खोटं बोलायचंही त्राण नसावं. "बोललो असतो तर त्याचे पैसे द्यावे लागले असते," ते म्हणाले.

ताईने नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू आज ओळख झाली. मग ती उठली, भिंतीवरच्या पिशवीतून कारखान्याचं मोठं पाकीट काढलं आणि चाळीसच्या चाळीस हजार फटाक्याच्या हातात ठेवले. भावोजींनी हात पुढे केला नाही, अडवलंही नाही.

"चौघांत वाटून घ्या," ती म्हणाली. "आणि यापुढे तुमचे तुम्हीच घेत जा."

"तिघांत," मास्तर म्हणाले. "मी यापुढे येणार नाही, ताई. मी ते पैशासाठी केलं नव्हतं. आणि आता फुकटही करवत नाही."

ताई त्यांचा दंड धरून रडायला लागली. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, ती थोरली असून. भावोजी खुर्चीतून अर्धवट उठले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"अरे, पण मग सूर कोण उतरवणार?"

"नवीन येईल त्याला गिटारवाली दाखवेल," मास्तर म्हणाले. "एक बटण असतं. तीनदा दाबायचं, बस."