वरची मूठ

नगरपालिकेचा कागद बाजारातल्या खांबावर लागला तेव्हा मी आधी तो शब्द न् शब्द उतरवून घेतला, मग चिडले. माझी रीतच तशी आहे. लढाई संपून वर्ष होत आलं होतं, घरचे अजून फौजेतून परतले नव्हते आणि मीठ-मिरचीचं दुकान मी एकटी चालवत होते. नळ, दिवे आणि झाडलोट यांच्या खर्चासाठी बाजारात ‘मापून अगर तोलून दिलेल्या मालावर’ विक्रीपट्टी बसवायचा विचार होता. हरकत असेल त्याने महिन्याच्या आत लेखी द्यावी.

मी यादी केली. दिव्याचे खांब चार, पेटणारा एक. नळ एक, तो नुसता घरघरतो. झाडूवाला कुणी मोठा साहेब यायचा असेल तेव्हाच. पण दिवे मलाही हवे होते. मी थोडी कुरकुर करून पट्टी दिलीही असती. अडलं ते आजीपाशी.

आजी माझ्या दुकानाच्या पायरीखाली पोतं पसरून भुईमुगाच्या शेंगा विकायची. आटपाडीच्या वाटेवरच्या एका वाडीहून दर शनिवारी यायची. आमच्या गावच्या दिव्याचा उजेड तिच्या दारात पडत नव्हता, नळाचं पाणीही नाही. मापटं भरून पदरात ओतलं की ती वर एक मूठ घालायची. सगळ्याच घालायच्या, पण आजीची मूठ मोठी. त्या मुठीसाठी गिऱ्हाईक दुसऱ्या पोत्यांवरून पुढं येऊन तिच्यापाशी थांबायचं.

पट्टी किती बसेल याचा अंदाज घ्यायला कचेरीचा कारकून चार बाजार मोजणी करणार होता. पहिल्याच बाजारी तो तिच्या पोत्याशी बसला आणि मापट्याबरोबर मूठही लिहू लागला.

“ती इकली न्हाई, रावसाब,” आजी म्हणाली. “ती दिली.”

तो म्हणाला, माल हातातून गेला म्हणजे विक्री. पुढचे दोन बाजार आजीनं भीतीनं मूठ घातली नाही. बायका पदर धरून क्षणभर थांबायच्या, मग सरळ दुसरीकडं जायच्या. त्यातल्या दुसऱ्या बाजारी पोतं जवळजवळ भरलेलंच उचलताना ती मला म्हणाली, आता यायचं बंद करते, एवढी पायपीट कशाला.

मी तिच्या नावानं हरकत लिहिली, तिचा अंगठा घेतला आणि तिला घेऊनच कचेरीत गेले. अध्यक्ष हसले. एवढंच दुखतं तर मूठ मापातच घालावी, म्हणाले.

“आवं, मापात घातली तर ती तुमची,” आजी म्हणाली. “वर घातली तर माजी.”

मग वर घालणं सोडा, असं त्यांनी सुचवलं आणि पुढचा अर्ज मागवला. मी दिव्यांची यादी वाचायला उघडली होती, ती तशीच घडी करून घेतली.

परतताना मी उतरवलेला कागद पुन्हा वाचला. मापून अगर तोलून. मुठीचं नाव त्यात कुठंच नव्हतं. शुक्रवारी मी भाजीवाल्या, शेंगावाल्या, कडधान्यवाल्या अशी नावांची यादी केली आणि शनिवारी उजाडताच वेशीपाशी उभी राहून एकेकीला गाठलं.

मोजणीचा तो शेवटचा बाजार. कारकून आला तेव्हा पोत्यापोत्यापुढं मापं पालथी होती. तागड्या गुंडाळून ठेवलेल्या. सगळा माल मुठीनं चालला होता. आठ मुठी म्हणजे मापटं, हे गिऱ्हाइकाला समजायला वेळ लागला नाही. मी मीठसुद्धा मुठीनं दिलं, हात चरचरेपर्यंत. त्याचा कागद दुपारपर्यंत कोरा राहिला.

दुपारी अध्यक्ष स्वतः आले आणि आजीकडं मापटंभर शेंगा मागितल्या.

“माप पालथं हाय, सायब. उपरणं धरा.”

त्यांनी धरलं. तिनं आठ मुठी मोजून घातल्या, मग आणखी एक.

“ही कशाची?”

“ही वरची.”

अध्यक्ष शेंगा बांधून गेले. पट्टीचा कागद पुन्हा खांबावर लागला नाही. दिवे म्हणाल तर एकच पेटत राहिला. बंद दिव्यांची यादी मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नव्यानं लिहून कचेरीत देत असे. तिथला शिपाई मला लांबून पाहूनच टेबलावर जागा करायचा. आणि आजी दर शनिवारी माझ्या पायरीखाली होती.